ॲन्स्ट्रदरच्या धक्क्यावर

वडील गेल्यानंतरच्या तीन वर्षांत आईने आपले बाहेर जाणे हळूहळू आवरते घेतले. आधी नात्यातली लग्ने सुटली, मग देवळातले कीर्तन, मग बहिणीकडचा मुक्काम. दर वेळी एकच उत्तर असे, "तुम्ही जाऊन या. मला आता दगदग सोसत नाही." तिचे वय ७९. रक्तदाबाच्या गोळ्या, गुडघेदुखी आणि पायांवर अधूनमधून येणारी सूज. मी गेली २८ वर्षे दवाखाना चालवतो. दुःख, वय आणि गुडघे अशी तीन कारणे मी मनाशी मांडली आणि निदान करून मोकळा झालो.

नातीने मात्र ते मानले नाही. एडिनबरोतले तिचे शिक्षण पूर्ण झाले होते, जुलैच्या आरंभी पदवीदान होते. "आजी आली नाही, तर मीसुद्धा समारंभाला जाणार नाही," असे तिने फोनवर सांगितले आणि आई तयार झाली. विमानात पाण्याचा पेला पुढे आला की ती मान हलवून नको म्हणे. झोप येत असेल, असे मला वाटले.

समारंभानंतर दोन दिवस मोकळे होते. आईचे माहेर हर्णैचे. समुद्र दिसल्यावाचून तिला कोणतेही गाव पुरते पाहिल्यासारखे वाटत नाही. म्हणून मुलीने ॲन्स्ट्रदर निवडले. एडिनबरोच्या उत्तरेला, फोर्थची खाडी ओलांडून गेले की फाइफ परगणा लागतो. त्याच्या पूर्व टोकाला क्रेल, ॲन्स्ट्रदर, पिटनवीम अशी मच्छीमारांची जुनी गावे किनाऱ्याला लगटून बसली आहेत. तिथले लोक ॲन्स्ट्रदरला लाडाने 'एन्स्टर' म्हणतात. उतरत्या कौलांची बुटकी घरे, भिंतींच्या माथ्यावर पायऱ्यांसारखी चढत गेलेली दगडी कड, आणि बंदराला दोन्ही बाजूंनी कवेत घेणारे धक्के. आम्ही पोहोचलो तेव्हा ओहोटी होती. बंदरातल्या कित्येक होड्या चिखलावर टेकून निवांत कलल्या होत्या. जुलै असूनही वारा बोचरा होता. आईने कानांवर मफलर ओढला आणि म्हणाली, "वास तर आपल्याकडचाच आहे."

बंदराच्या काठीच स्कॉटलंडचे मासेमारी संग्रहालय आहे. १९६९ साली सुरू झालेले हे संग्रहालय जुन्या इमारतींच्या एका समूहात वसले आहे. 'रीपर' ही १९०२ साली बांधलेली, सुमारे ७० फुटांची शिडाची होडी याच संग्रहालयाची. एकेकाळी या किनाऱ्याचे सारे जगणे हेरिंग माशावर उभे होते. हेरिंग म्हणजे आपल्या तारलीचा मोठा भाऊबंद. आईने चित्र पाहताच तो ओळखला. मीठ लावून लाकडी पिंपांत भरलेला हा मासा जर्मनी आणि रशियापर्यंत जाई. पुढे पहिल्या महायुद्धाने त्या बाजारपेठा मोडल्या, नंतर मासाही आटला. आज बंदरात हौशी लोकांच्या होड्या अधिक आहेत. खेकडे आणि शेवंड पकडण्याचे पिंजरे मात्र धक्क्यावर अजूनही रचलेले दिसतात.

आई सर्वांत जास्त वेळ थांबली ती हेरिंग साफ करणाऱ्या बायकांच्या छायाचित्रांपुढे. या बायका तिघी-तिघींच्या टोळीने काम करत. दोघी मासा चिरून आतडी काढत आणि तिसरी मिठाचे थर देत पिंप भरत असे. होड्यांचा ताफा जसा सरके, तशा याही उत्तरेकडच्या शेटलंड बेटांपासून इंग्लंडमधल्या यारमथपर्यंत मुक्काम हलवत. सुरी धारदार, हात ओले, आणि चिरलेल्या बोटात मीठ गेले की आग आग. म्हणून कामाला बसण्यापूर्वीच त्या प्रत्येक बोटाला कापडाच्या चिंध्या गुंडाळून घट्ट बांधत. आई त्या बोटांकडे बराच वेळ पाहत राहिली. "जखम व्हायच्या आधीच पट्टी बांधायच्या गं या," ती नातीला म्हणाली.

संग्रहालयात एक खोली समुद्रावरून परत न आलेल्या मच्छीमारांच्या स्मरणार्थ राखली आहे. तिथे आम्ही तिघेही न बोलता काही वेळ उभे राहिलो. बाहेर आल्यावर आई धक्क्याजवळच्या बाकावर टेकली. या देशात असे बाक ठिकठिकाणी आहेत. एखाद्याला प्रिय असलेल्या जागी त्याच्या माघारी घरचे लोक बाक ठेवतात आणि त्यावर नावाची लहानशी पट्टी लावतात. समोर क्षितिजाजवळ मे बेटाची पुसट रेघ दिसत होती. १६३६ साली स्कॉटलंडमधले पहिले दीपगृह त्याच बेटावर उभे राहिले. त्यात कोळशाची शेगडी पेटवत. उन्हाळ्यात पफिन पक्ष्यांसाठी तिथे लोक बोटीने जातात. "बेटावर नको," आई घाईने म्हणाली. "चार-पाच तास बोटीत नि बेटावर... नकोच ते."

अर्ध्या तासाने ती उठली आणि जागच्या जागी डोलली. मी दंड धरला म्हणून पडली नाही. तिला पुन्हा बसवले, मग बाकावर आडवे करून पाय उंच केले. नाडी जलद होती, जीभ कोरडी. बोलणे स्पष्ट, हातापायांत जोर सारखा, छातीत दुखणे नाही, एवढे पाहून घेतले. यातले काही बिघडलेले असते, तर क्षणही न दवडता ९९९ हा तिथला आपत्कालीन क्रमांक फिरवला असता. मग विचारले, "सकाळपासून पाणी किती प्यायलीस?"

ती गप्प. नातीने पुन्हा विचारल्यावर म्हणाली, "सकाळचा चहा." तेवढ्यावर रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी अशा दोन्ही गोळ्या तिने निमूटपणे घेतल्या होत्या, कारण मी त्या रोज तिच्या हातावर ठेवत होतो.

"परक्या गावात कुठे शोधायचं ते? मला आता धरवत नाही रे. दोनदा कपडे खराब झाले आहेत. लग्नाला गेलो होतो तेव्हा एकदा. तुला कसं सांगायचं?"

तीन वर्षांची दगदग एका वाक्यात उलगडली. लग्ने, कीर्तन, बहिणीचे घर हे सारे तिने या एका भीतीपायी सोडले होते. दवाखान्यात प्रत्येक वृद्ध रुग्णाला मी लघवीविषयी विचारतो. आईला कधीच विचारले नव्हते. मुलगा डॉक्टर आहे म्हणून तिला सांगणे अवघड गेले, आणि ती आई आहे म्हणून मला विचारणे.

थोडे थोडे करून तिला पाणी पाजले, बिस्किटे दिली. तासाभरात ती सावरली. नातीने तेवढ्यात जवळचे स्वच्छतागृह पाहून ठेवले आणि आजीला हाताला धरून तिकडे घेऊन गेली. परतताना दोघी हसत होत्या. दुपारी बंदरावर तळलेला हॅडॉक मासा खाल्ला. वरचे मीठ मात्र मी टाकू दिले नाही. तोवर भरती चढू लागली होती आणि चिखलातल्या होड्या एकेक करून सरळ होत होत्या. आई ते पाहत बसली. आम्ही त्या दिवशी पुढची दोन गावे पाहणार होतो, ती पाहिली नाहीत. कोणालाही त्याचे वाईट वाटले नाही.

भारतात परतल्यावर आईची रीतसर तपासणी केली. लघवीत जंतुसंसर्ग होता, जोडीला जुना बद्धकोष्ठ. दोन्हींवर उपचार झाले, ओटीपोटाच्या तळच्या स्नायूंचे व्यायाम तिने नेमाने केले आणि त्रास बराच उतरला. बाहेर जाताना ती पॅड वापरते, त्याचा संकोच आता राहिलेला नाही. मागच्या महिन्यात ती बहिणीकडे आठ दिवस राहून आली.

वाचकहो, वयस्कर माणसासह प्रवास ठरवताना आपण तिकिटे, विमा, गोळ्यांच्या याद्या सारे नीट करतो. औषधे हातातल्या पिशवीत ठेवावीत, सोबत चिठ्ठी असावी, विम्याच्या अर्जात जुने आजार लपवू नयेत, विमानात अधूनमधून उठून चालावे, हे बहुतेकांना ठाऊक असते. त्यात एक प्रश्न वाढवावा आणि तो घरी, निवांतपणे, एकांतात विचारावा: "लघवीचा काही त्रास होतो का? त्या भीतीने पाणी कमी पितेस का?" वडिलांनाही विचारावा, कारण पुरुषांत प्रोस्टेटमुळे हीच अडचण येते. वयाबरोबर तहानेची जाणीव मंदावते, त्यामुळे पाणी तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे घ्यावे. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असल्यास पाण्याचे प्रमाण आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवीच्या गोळीची वेळ प्रवासाच्या दिवशी बदलता येते का, हेही त्यांनाच विचारावे. ती आपल्या मनाने बंद करू नये. बसून किंवा झोपून उठताना क्षणभर थांबून मगच पाऊल टाकावे. आणि दिवसाच्या आखणीत बसण्याच्या व स्वच्छतागृहाच्या जागा आधी मांडाव्यात, प्रेक्षणीय स्थळे नंतर.

ज्येष्ठ वाचकांनाही एक विनंती आहे. हा त्रास म्हणजे म्हातारपणाची शिक्षा नाही. त्याला बहुधा कारण असते आणि पुष्कळदा इलाजही असतो. सांगण्याचा संकोच तेवढा बाजूला ठेवावा.

आईच्या खोलीत आता एक छायाचित्र आहे. त्यात ती ॲन्स्ट्रदरच्या बाकावर बसली आहे, एका हातात पाण्याची बाटली, मागे भरतीचे बंदर. कोणी विचारले की ती त्या गावाविषयी, होड्यांविषयी सांगते, आणि बोटांना आधीच पट्ट्या बांधणाऱ्या बायकांविषयी तर हमखास सांगते.