पूररेषेचा नकाशा आणि एक बंद पडलेलं फ्लॅश

२००५ च्या महापुरानंतर आमच्या नगरपालिकेने एक खरोखर चांगलं काम केलं होतं. नदीची पातळी फूट-फूट वाढत गेली की कुठल्या गल्लीत पाणी शिरतं, त्याचा हलता नकाशा वेबसाईटवर टाकला होता. बांधकाम विभागातल्या एका कर्मचाऱ्याने संध्याकाळी उशिरापर्यंत बसून तो केलेला. साधी गिफ फाईल, १९ चित्रं. निळा रंग हळूहळू वर चढायचा. आधी घाट, मग मच्छी मार्केट, मग खालची पेठ.

२००८ मध्ये वेबसाईटचं काम नव्या ठेकेदाराकडे गेलं आणि त्याने ती गिफ फ्लॅशमध्ये, म्हणजे एसडब्ल्यूएफ फाईलमध्ये बदलली. का? तर तेव्हा सगळं फ्लॅशमध्येच हवं असायचं. टेंडरमध्ये तसं लिहिलेलं असायचं.

मी त्या काळात एका साप्ताहिकाची वेबसाईट बघायचो. जाहिरातींच्या शेकडो गिफ मी स्वतः फ्लॅशमध्ये बदलल्या आहेत, म्हणून यातली मेख सांगतो. गिफमध्ये प्रत्येक चित्राला स्वतःची वेळ देता येते, सेकंदाच्या शंभराव्या भागात. एसडब्ल्यूएफमध्ये अख्ख्या फाईलला एकच वेग. वाढदिवसाच्या जाहिरातीत पणती भराभर लुकलुकायची आणि शेवटचं शुभेच्छुकांच्या नावांचं चित्र ३ सेकंद थांबायचं. फ्लॅशमध्ये वेग सेकंदाला १० चित्रं धरला, तर ते एक चित्र ३० वेळा लावावं लागे. फुकटातली काही सॉफ्टवेअर ही वेळ बघतच नसत. मग नावं झर्रकन निघून जायची आणि कार्यकर्ते ऑफिसात हजर. "साहेब, आमचं नाव दिसलंच नाही!"

आणि एवढं करून मिळायचं काय? फ्लॅशची खरी ताकद रेषांनी काढलेल्या चित्रात. कितीही मोठं करा, फाटत नाही. पण गिफ म्हणजे ठिपक्यांचं चित्र, जास्तीत जास्त २५६ रंग. ते फ्लॅशमध्ये घातलं तरी ठिपकेच राहतात. चित्र तेच, पेटी नवी. फक्त त्या पेटीची किल्ली एकाच कंपनीकडे.

मराठीचा घोळ वेगळाच. तेव्हा युनिकोड रुळलेलं नव्हतं. आमच्या मशीनवरचा फॉन्ट वाचकाकडे नसला की बातमीच्या जागी नुसती चिन्हं. म्हणून मथळे, सूचना, नावं सगळं चित्र करून टाकायचो. हे मजकूर सर्चमध्ये कधीच सापडले नाहीत. पुढे तीच चित्रं फ्लॅशमध्ये गेल्यावर डोळ्यांनी दिसायचीही बंद झाली. त्या काळातलं गावाचं अर्धं इंटरनेट असंच गेलं, आणि कुणाला पत्ताही नाही.

आता मुद्द्यावर येतो. ऑगस्ट २०१९. पाणी चढत होतं, वीज गेलेली, लोकांच्या हातात फक्त मोबाईल. आयफोनवर फ्लॅश कधी चाललंच नाही आणि अँड्रॉईडसाठी अ‍ॅडोबीने २०११ मध्येच हात वर केले होते. ज्या रात्री त्या नकाशाची गरज होती, त्या रात्री खालच्या पेठेतल्या माणसाला तिथे एक रिकामा चौकोन दिसत होता. पुढे ३१ डिसेंबर २०२० ला अ‍ॅडोबीने फ्लॅशच बंद केलं. १२ जानेवारी २०२१ पासून तर प्लेअर असला तरी चालेना. दरम्यान ठेका संपला, सर्व्हर बदलला, आणि ती फाईलसुद्धा गेली.

आपणच मागासलेले असं समजू नका. दक्षिण आफ्रिकेच्या महसूल खात्याचे काही ऑनलाइन फॉर्म फ्लॅशमध्ये अडकले होते. ते उघडायला त्यांना जानेवारी २०२१ मध्ये स्वतःचा ब्राउझर काढावा लागला. आपल्या नगरपालिकेला ते कुठून जमणार?

गिफ काही धुतल्या तांदळाची नाही. १९८७ ची ती फाईल, आणि तिच्या आतल्या पद्धतीवरही पेटंट होतं. १९९४ च्या शेवटी त्यावरून मोठं वादंग झालं. पण २००३-०४ मध्ये ते पेटंट संपलं आणि आज कुठल्याही फोनवर गिफ उघडते. नकाशा करणारे ते काका आता निवृत्त आहेत. त्यांच्या कपाटातल्या सीडीवर मूळ गिफ निघाली. गेल्या आठवड्यात माझ्या फोनवर पहिल्या झटक्यात चालली. १९ च्या १९ चित्रं.

नगरपालिकेची वेबसाईट परत नव्याने करायचं चाललंय. मुख्याधिकाऱ्यांना मी लेखी दिलंय: ठेकेदाराने दिलेल्या प्रत्येक नकाशाची, सूचनेची मूळ फाईल कार्यालयात जमा झाल्याशिवाय बिल काढू नका. पोच घेतली आहे, उत्तर अजून नाही.

तोवर तुमच्यासाठी काम. २००५ ते २०१२ मधल्या सीडी, जुने पेनड्राईव्ह कुणाकडे असतील तर भंगारात देऊ नका. एसडब्ल्यूएफ फाईल सापडली तरी ठेवा. रफल नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्यातल्या बऱ्याच उघडतं, आणि गिफवरून बनवलेली असेल तर आतली चित्रं सुटी काढता येतात. मला मेसेज करा, मी घरी येऊन कॉपी करून घेतो. काकांची गिफ हवी असेल तर तीही पाठवतो, पण डॉक्युमेंट म्हणून. नाहीतर व्हॉट्सअ‍ॅप तिचा व्हिडिओ करून टाकतं.