वेळासच्या वाळूत पाहुणे म्हणून जाताना

रब्बीची मळणी उरकली, धान्य घरात आले की शेतकऱ्याच्या घरात चार दिवस उसंत मिळते. पोरांचा हट्ट असतो, "समुद्र बघायचा!" यंदा तो हट्ट पुरवणार असाल तर कोकणातल्या एका लहानशा गावाची वाट धरा. गावाचे नाव वेळास. रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यात, सावित्री नदीच्या मुखाशी हे गाव वसले आहे. शेजारी बाणकोटचा किल्ला आणि खाडीपलीकडे हरिहरेश्वर. पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणवीस यांचे हे मूळ गाव. माणगाव-म्हसळ्याकडून आलात तर बागमांडल्याला फेरीबोटीत बसून वेसवीला उतरायचे. एस.टी.ने यायचे तर आधी मंडणगड गाठावे.

पण नुसता समुद्र पाहायचा तर तो कुठेही दिसेल. वेळासला जायचे ते कासवाची पिल्ले पाहायला, आणि गावाने ती कशी जपली हे समजून घ्यायला.

ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाची मादी थंडीच्या दिवसांत रात्री किनाऱ्यावर येते. मागच्या पायांनी वाळूत खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. आपल्या घरची कोंबडी एकवीस दिवस खुडूक बसते. इथे मात्र आई पुन्हा फिरकतही नाही. दीड-दोन महिने वाळूची ऊबच अंडी उबवते. तेवढ्या काळात कुत्री, कोल्हे अंडी उकरून खातात. पूर्वी माणसेही ती खायला आणि विकायला नेत. या कासवाला 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे, पण रात्रीच्या अंधारात निर्जन किनाऱ्यावर कायदा राखायला कोण उभे राहणार?

ते गावाने केले. 2002 साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेच्या कार्यकर्त्यांना या किनाऱ्यावर कासवाच्या अंड्यांची टरफले दिसली. त्यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली. वनखात्याचीही साथ मिळाली. गावातली तरुण मुले पहाटे किनारा पालथा घालू लागली. मादीच्या पायांचा माग काढायचा, अंडी हलक्या हाताने काढायची, जाळीच्या कुंपणात तेवढ्याच खोल खड्ड्यात पुन्हा ठेवायची आणि तारखेची नोंद करायची. पिल्ले निघायची वेळ आली की घरट्यावर टोपली पालथी घालतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहतात. पिल्ले वर आली असतील तर ती वाळूवर सोडतात. तळहातावर मावतील एवढी ती पिल्ले धडपडत स्वतःच पाण्याकडे चालू लागतात.

आता विचार करा, मंडळी. अंड्यांतून मिळणारे चार पैसे गावाने सोडले. रात्रीचा पहारा अंगावर घेतला. त्याच्या बदल्यात काय? यातूनच 2006 साली कासव महोत्सव सुरू झाला. पाहुण्यांनी यावे, गावातल्या घरीच उतरावे, घरचेच अन्न जेवावे आणि त्याचे पैसे त्या घरात राहावेत, अशी ही साधी रीत. कासव वाचले तर पाहुणा येतो आणि पाहुणा आला तर घराला हातभार लागतो. पुढे आंजर्ले आणि किनाऱ्यावरच्या इतर गावांनीही हीच वाट धरली.

हा हातभार किती मोलाचा, ते 2020 साली दिसून आले. मार्चमध्ये ऐन हंगामात टाळेबंदी आली. पाठोपाठ 3 जूनला निसर्ग चक्रीवादळ आले आणि मंडणगड-दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. गहू बुडाला तर पुढच्या हंगामात पुन्हा पेरता येतो. नारळ नव्याने लावला तर फळ धरायला पाच-सात वर्षे जातात. म्हणून तिथल्या घरात तुम्ही दिलेला मुक्कामाचा पैसा वरखर्चाचा समजू नका. तो संसाराला लागणारा पैसा आहे.

तेव्हा जाताना काही गोष्टी गाठीला बांधा.

मुक्काम गावातल्या घरीच करा आणि ठरलेला दर घासाघीस न करता द्या. तुमची ज्वारी व्यापारी पाडून मागतो तेव्हा तुम्हाला काय वाटते, ते आठवा. कुळथाची पिठी, सोलकढी, तांदळाची भाकरी, जे ताटात येईल ते आवडीने खा. चुलीपाशी घरची बाई पहाटेपासून राबत असते. निघताना तिच्याकडची आमसुले, कोकमाचे आगळ, फणसपोळी विकत घ्या. आपल्याकडे पाहुणा रिकाम्या हाताने जात नाही. तुमच्या शेतातले शेंगदाणे, घरचा गूळ बरोबर न्या. कोकणातल्या घरी त्याचे अप्रूप असते.

पाणी जपून वापरा. कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो खरा, पण उतारावरून तो समुद्रात वाहून जातो आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरी तळाला जातात. प्लॅस्टिकच्या बाटल्या, पुड्या आपल्याबरोबर परत न्या. लहान गावाने तुमचा कचरा टाकायचा कुठे?

किनाऱ्यावर गाडी घालू नका. रात्री बॅटरी किंवा मोबाइलचा उजेड पाडू नका, कारण उजेडाने मादी बिचकते आणि पिल्ले वाट चुकतात. पिल्लाला हात लावू नका, दोरीच्या मागे उभे राहा. आणि मुख्य म्हणजे, "आम्ही लांबून आलो, आमच्यासाठी पिल्ले राखून ठेवा" असा हट्ट धरू नका. जन्मतः पिल्लाच्या अंगात पोहण्यापुरती शिदोरी असते. ते किनाऱ्यावर अडकून पडले तर ती तिथेच सरते. एखाद्या दिवशी पिल्ले निघतच नाहीत. पावसाने ओढ दिली म्हणून आपण कोणाशी भांडतो का? तसेच हे.

हंगाम साधारण फेब्रुवारीअखेर ते एप्रिल. मुलांच्या मेच्या सुटीची वाट पाहिलीत तर बहुधा उशीर होतो. आधी चौकशी करून घर ठरवा, जमल्यास शनिवार-रविवारची गर्दी टाळा आणि दोन रात्री राहा, म्हणजे टोपली उचलताना पाहायची संधी तीन-चार वेळा मिळेल.

परत आल्यावर आपल्या गावाकडेही एकदा नव्या नजरेने पाहा. एखादी देवराई असेल, जुनी बारव असेल, पक्ष्यांचा तलाव असेल. वेळासने आधी घरटी राखली, पाहुणे त्यानंतर चार वर्षांनी बोलावले. आपल्या गावात पाहुणे बोलवायचे मनात असेल, तर आधी काय राखायचे ते ग्रामसभेत बसून ठरवा.