शेवटच्या रकान्यात काय लिहिलंय?

चि. भाचीबाईंस, अनेक आशीर्वाद.

गुरुग्रामची कन्सल्टिंग कंपनी की मलावीतल्या लिलाँग्वेचा आरोग्य प्रकल्प, असा तुझा पेच. ताईला पगार दिसतो, तुला मलावी दिसतं. मला मात्र या दोन वाटा तुम्हा मायलेकींना वाटतात तितक्या लांबच्या वाटत नाहीत.

विकासक्षेत्रात पाऊल टाकलंस की आधी लॉगफ्रेम पुढ्यात येईल. चार रकान्यांचा तक्ता : उद्दिष्टं, निर्देशक, पडताळणीची साधनं, गृहीतकं. १९६९ साली अमेरिकेच्या ‘यूएसएड’ या परदेशी मदत देणाऱ्या संस्थेसाठी तो बनवला एका सल्लागार कंपनीनेच. तेव्हा पीपीटीपासून सुटका म्हणून मलावीला निघाली असशील तर राहू दे. हुद्द्याचंही तेच. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांतसुद्धा कितीतरी जणांच्या करारावर ‘कन्सल्टंट’ असंच असतं. ठरावीक मुदतीचं काम, ना पगारी रजा, ना पेन्शन.

मी हे तक्ते वर्षानुवर्षं भरले. शेवटच्या रकान्यात आम्ही लिहायचो : पाऊस सरासरीइतका पडेल, औषधं वेळेवर पोचतील, अधिकाऱ्यांच्या बदल्या होणार नाहीत. देणगीदार टिकेल, हे काही कुणी लिहीत नसे. २० जानेवारी २०२५ला ट्रम्प यांनी परदेशी मदत ९० दिवसांसाठी थांबवली. मार्चमध्ये यूएसएडचे ८३ टक्के कार्यक्रम रद्द झाल्याचं जाहीर झालं, आणि १९६१पासूनच्या त्या संस्थेचं उरलंसुरलं काम १ जुलैला परराष्ट्र खात्याकडे गेलं. कितीतरी देशांत प्रकल्पाच्या पैशावर पगार घेणारे आरोग्य कर्मचारी घरी बसले.

आता आपलं जामखेड बघ. रजनीकांत आणि मेबल आरोळे हे डॉक्टर दांपत्य अमेरिकेत शिकून १९७०मध्ये तिथे आलं. लोकांना दवाखान्याच्या आधी पाणी आणि धान्य हवं होतं, म्हणून कामाची सुरुवात तिथून झाली. मग त्यांनी गावातल्याच, बहुतेक निरक्षर बायकांना आरोग्यसेविका म्हणून तयार केलं. बाहेरचा पैसा त्यांनीही घेतला. पण पैसा आटला असता तरी बाळंतपण करणारी बाई गावातच राहणार होती. आज परदेशातली माणसं शिकायला जामखेडला येतात.

म्हणून लिलाँग्वेवाल्यांना थेट विचार : माझा साहेब तिथला माणूस आहे का? पैसा एकाच देणगीदाराचा आहे का? आणि माझा करार संपल्यावर हे काम कोण करणार? ‘सरकार करेल’ असं म्हणाले, तर त्यांच्या आरोग्य मंत्रालयात कुणाशी बोलणं झालंय, तेही विचार. इथे भलेभले चाचरतात.

उत्तरं धड आली तर जा, माझा कल तिकडेच आहे. नाही आली तर खुशाल गुरुग्राम गाठ. शैक्षणिक कर्ज डोक्यावर असताना त्यात कमीपणा कसला? ताळेबंद वाचायला शिकशील, ते पुढे कुठेही उपयोगी पडेल. फक्त ते कर्ज फिटल्या फिटल्या फ्लॅट बुक करू नकोस. ‘दोन वर्षांनी सोडेन’ म्हणणारे माझ्या ओळखीचे बरेच जण दुसऱ्या ईएमआयमध्ये अडकलेत, आणि दर दिवाळीला मला पाचशेची देणगी पाठवतात.

जाणार असशील तर वैद्यकीय विमा आणि परतीचं तिकीट लेखी घे, तोंडी आश्वासनावर विसंबू नकोस. ताईशी मी बोलते. चिडेल, पण ऐकेल.

तुझी,
मावशी