खुर्चीवरचं रेशन



कुपवाड्याच्या पोस्टवर होतो तेव्हा माझं वजन ७२ किलो होतं. तीन वर्षांनी जबलपूरला हॉस्पिटलच्या काट्यावर उभा राहिलो, तर काटा ९२ वर जाऊन थांबला. नर्सिंग असिस्टंट केरळचा पोरगा होता. त्यानं एकदा काट्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि काही न बोलता रजिस्टरमध्ये आकडा लिहिला. काहीतरी बोलला असता तर बरं वाटलं असतं.

हे २० किलो कुठून आले ते आधी सांगतो. पेट्रोलवरून परत येताना बर्फात पाय घसरला, पाठीवरच्या वजनासकट गुडघ्यावर पिळा पडला आणि लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. धावणं, पीटी, जड वजन उचलणं बंद, असा शेरा लागून मी लो मेडिकल कॅटेगरीत आलो. मग पलटण सोडून ईआरईवर जबलपूर. काम म्हणजे फायली, रजिस्टरं आणि कॉम्प्युटर. क्वार्टरपासून ऑफिसपर्यंत स्कूटर, ऑफिसात खुर्ची, घरी आलो की पलंग. मोबाईलवर पावलं मोजायचं यंत्र असतं, त्यात दिवसाला दोन हजारसुद्धा भरत नव्हती.

पाय बसले, पण तोंड बसलं नाही. डोंगरावर १८-२० किलो पाठीवर घेऊन चढणाऱ्या माणसाला लंगरात आठ-दहा रोट्या लागायच्या, आणि त्या जिरायच्या. जबलपूरला आलो तरी हात सवयीनं तेवढ्याच रोट्यांकडे जायचा. त्यात सकाळी पोहे-जलेबी. रविवारी खोव्याची जलेबी, ती तर या गावाची खासियतच. ऑफिसात दिवसाला सहा चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर. एका अर्थी मी अजून कुपवाड्याचंच रेशन उचलत होतो, फक्त ड्यूटी खुर्चीची होती.

माझी कॅटेगरी टेम्पररी होती, चोवीस आठवड्यांची. त्यानंतर पुन्हा बोर्ड. सुभेदार साहेबांनी बोलावून घेतलं आणि स्पष्ट सांगितलं, "गुडघ्याचं डॉक्टर बघतील. पण वजन असंच राहिलं तर त्याचाही शेरा लागेल. मग प्रमोशनच्या वेळी माझ्याकडे येऊ नकोस."

ते मनाला लागलं. आणि फौजी माणसाला एखादी गोष्ट मनाला लागली की तो एकच करतो. मोहीम काढतो.

मी ठरवलं, आठवड्याला एक किलो. बारा आठवड्यांत बारा किलो, हिशोब सरळ. सकाळी कोरा चहा. दुपारी एक फुलका आणि वाटीभर भाजी. रात्री एक अंडं, काकडी आणि वाटीभर दही. पायाला धावायची परवानगी नाही, मग पोटावरच चढाई करायची. सौ. ताटाकडे बघत म्हणाली, "अहो, हे काय जेवण झालं? आईंच्या उपासाला सुद्धा याच्या दुप्पट असतं." मी म्हटलं, "तू मध्ये पडू नकोस. माणूस ठरवलं की काही दिवस उपाशी राहू शकतो. आम्ही राहिलोय."

पहिल्या आठवड्यात तीन किलो उतरले. मी खूश. त्यातलं बरंचसं पाणी होतं हे मला नंतर कळलं. शरीर स्नायूंत आणि यकृतात थोडी साखर साठवून ठेवतं आणि तिच्याबरोबर पाणीही धरून ठेवतं. जेवण तोडलं की आधी ती साखर जाते, तिच्यामागे पाणी जातं. चरबी एवढ्या घाईनं हलत नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून रात्री झोप लागेना. पोट साफ होईना. धाकट्याच्या हातून पाण्याचा तांब्या सांडला म्हणून मी त्याच्यावर इतका ओरडलो की तो दोन दिवस माझ्या समोर आला नाही. फिजिओथेरपीला जायचो, तिथं पाय सरळ उचलून दहा सेकंद धरायचा व्यायाम असतो. आधी जमायचा, आता सहाव्या सेकंदाला मांडी थरथरायला लागायची. फिजिओवाल्यानं टेप काढून दोन्ही मांड्या मोजल्या. ऑपरेशनच्या पायाची मांडी आधी दोन सेंटीमीटरनं बारीक होती, आता तीननं. त्यानं विचारलं, "हवालदार साहब, एक्सरसाइज छोड़ दी क्या?" मी म्हटलं, रोज करतोय. त्याला ते पटलं नाही.

पाचव्या आठवड्यात, मे महिन्याच्या उन्हात, ऑफिसात खुर्चीवरून फाईल आणायला उठलो आणि डोळ्यांपुढे अंधार. शुद्धीवर आलो तेव्हा कपाट माझ्या डोक्याशी आणि रक्त भुवईवर. तीन टाके पडले. काश्मीरमध्ये इतकी वर्षं काढून अंगावर एक ओरखडा नाही, आणि जखमी झालो तो लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यानं. घरी सौ. काही बोलली नाही. फक्त रात्री ताटात दोन फुलके जास्त वाढले आणि मी जेवेपर्यंत समोर बसून राहिली.

मेडिकल ऑफिसर मॅडम मेजर होत्या, वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान. त्यांनी विचारलं, दिवसभरात काय खाता? मी जरा अभिमानानंच सगळं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"रात को पूरी कंपनी सोती है, तब कौन जागता है?"

"संतरी, मॅडम."

"उसका खाना कोई काटता है?"

मग त्यांनी समजावलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो. माणूस दिवसभर पलंगावर निजून राहिला तरी त्याच्या आत संत्री जागे असतात. काळीज धडधडतं, फुप्फुसं चालतात, मूत्रपिंडं गाळत असतात, मेंदू काम करतो, अंगाची ऊब टिकते. या पहाऱ्यालाच दिवसाच्या रेशनचा मोठा हिस्सा लागतो. मी खुर्चीवर बसलोय म्हणून ते संत्री काही झोपायला गेलेले नसतात.

त्यांनी ओपीडीच्या चिठ्ठीमागे हिशोब केला. तो मी जपून ठेवलाय, कारण तो कुणालाही करता येतो. वजन किलोत घ्यायचं, त्याला १० नं गुणायचं. उंची सेंटीमीटरमध्ये, तिला ६.२५ नं. दोन्हींची बेरीज करायची. त्यातून वयाची पाचपट वजा करायची. पुरुष असेल तर ५ मिळवायचे, बाई असेल तर १६१ वजा करायचे. त्या दिवशी माझं वजन ८६, उंची १६८, वय ४२. म्हणजे ८६० अधिक १०५०, वजा २१०, अधिक ५. झाले १७०५ कॅलरी. हे नुसतं संत्र्यांचं रेशन. बैठं काम करणाऱ्यासाठी याला १.२ नं गुणायचं. आले साधारण २०५०. एवढं खाल्लं तर माझं वजन आहे तिथंच राहणार.

आता माझी मोहीम या हिशोबात बसवून बघा. एक किलो चरबी म्हणजे ढोबळ मानानं ७७०० कॅलरी. आठवड्याला एक किलो उतरवायचा तर दिवसाला ११०० कॅलरींची तूट हवी. २०५० मधून ११०० गेले, उरले ९५०. आणि मी तर त्याच्याही खाली होतो. मॅडम म्हणाल्या, पुरुषानं १५०० च्या खाली आणि बाईनं १२०० च्या खाली डॉक्टरांच्या देखरेखीशिवाय जाऊच नये. त्याखाली गेलं की शरीराला लागणारी प्रथिनं, जीवनसत्त्वं, क्षार ताटात मावतच नाहीत. मग शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. माझी मांडी तशीच गेली. वजन फार झपाट्यानं उतरवलं तर पित्ताशयात खडे होण्याचा धोकाही वाढतो.

खरी गोम अशी की पलटणीत असतो आणि दिवसाला साडेतीन हजार कॅलरी जाळत असतो, तर त्यातून हजार तोडूनही भरपूर उरलं असतं. खुर्चीवरच्या माणसाकडे तेवढी जागाच नसते. माझ्या २०५० आणि १५०० मध्ये अंतर फक्त साडेपाचशेचं. जो हलत नाही त्याला घाई करायला वावच नाही. आणि घाई सगळ्यात जास्त त्यालाच असते.

माझा आकडा ठरला १६०० कॅलरी. आठवड्याला अर्ध्या किलोच्याही आतबाहेर. मी म्हटलं, मॅडम, बोर्डापर्यंत माझं ध्येय पुरं होणार नाही. त्या म्हणाल्या, बोर्डाला तुमचा गुडघा दाखवायचाय की हाडं?

१६०० वर आलो आणि पहिल्या दहा दिवसांत वजन दीड किलोनं वाढलं. मी हादरलो. ते गेलेलं पाणी परत येत होतं, हे मॅडमनी आधीच सांगून ठेवलं होतं म्हणून टिकलो. नाहीतर पुन्हा एका फुलक्यावर गेलो असतो.

मग आम्ही दोघांनी घरातला हिशोब मांडला. फुलका साधारण शंभर कॅलरीचा, त्यात काही लपत नाही. चोर निघाला तेलाचा डबा. चौघांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल जात होतं. म्हणजे माणशी दिवसाला जवळजवळ साडेतीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. सौ.नं काही न बोलता डबा बदलला आणि महिन्याला तीन लिटरवर आणलं. मुलांना कळलंसुद्धा नाही. सहा चहांचे दोन झाले, तिथं तीनशे वाचले. खोव्याची जलेबी महिन्यातून एकदा, पण घरी सगळ्यांबरोबर बसून.

ताट रिकामं मात्र ठेवलं नाही. सकाळी दोन अंडी आणि दोन फुलके. दुपारी दोन फुलके, घट्ट डाळ, भाजी, कोशिंबीर. चार वाजता मूठभर भाजलेले चणे. रात्री फुलके आणि मटकीची उसळ, आठवड्यातून दोनदा चिकन. दही रोज. प्रथिनं दिवसाला ऐंशी ग्रॅमच्या आसपास राहतील असं बघायचं, कारण मांडी परत भरायची होती. बड्या खान्याच्या दिवशी एक वेळ मनसोक्त जेवायचो आणि दुसऱ्या दिवशी उपास न करता नेहमीचंच खायचो. हे शिकायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला.

फिजिओवाल्याच्या परवानगीनं सपाट रस्त्यावर आधी दहा मिनिटं, मग वाढवत सकाळ-संध्याकाळ वीस-वीस मिनिटं चालायला लागलो. अर्धा तास चालल्यानं शंभर-सव्वाशे कॅलरी जातात, म्हणजे एक फुलका. ऐकायला किरकोळ वाटतं. पण जिथं ताटातून तोडायला जागा उरत नाही तिथं ती जागा पायांनीच करावी लागते.

बोर्डाच्या दिवशी काटा ८१ वर होता. ठरवलेल्या ८० पेक्षा एक किलो जास्तच. मांड्यांतलं अंतर एका सेंटीमीटरवर आलं होतं. गुडघ्याची कॅटेगरी एक पायरी वर गेली, पूर्ण बरी झाली नाही, ती होणारही नव्हती. वजनाचा शेरा लागला नाही. तो केरळचा पोरगा या वेळी मात्र बोलला. "साब, अच्छा है."

हे सगळं लिहायचं कारण आमचे पेन्शनर मित्र. गावी गेलो की भेटतात. कुणी बँकेच्या दारात खुर्चीवर गार्ड, कुणी सोसायटीच्या गेटवर, कुणी घरी टीव्हीपुढे. सगळ्यांची पोटं पुढे आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, "पुढच्या महिन्यात खाणं बंद करतो, बघ महिन्यात पाच किलो." फौजेनं आपल्याला उपाशी राहायला शिकवलं, थकून चालायला शिकवलं. कमी पण रोज पोटभर खायला कुणी शिकवलं नाही, कारण तेव्हा गरजच नव्हती.

तेव्हा आधी तो चिठ्ठीमागचा हिशोब करा. तो अंदाज आहे, पाच-दहा टक्के इकडे तिकडे होणारच. महिनाभर काट्यावर बघा आणि मग सुधारा. वजन उतरत गेलं की आकडाही खाली येतो, म्हणून दर पाच किलोंनी नव्यानं मांडा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण तोडण्याआधी डॉक्टरांना विचाराच. औषध तेवढंच आणि जेवण अर्धं झालं तर साखर एकदम खाली जाते, आणि पडताना प्रत्येकाला कपाटच भेटेल असं नाही, रस्ताही भेटू शकतो. किडनीचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनीही आधी विचारा.

माझ्या भुवईवर तीन टाक्यांची रेघ अजून आहे. परवा नव्या भरतीच्या एका पोरानं विचारलं, "उस्ताद, ही कुठल्या ऑपरेशनमधली?" मी म्हटलं, "रेशन कापायच्या."

जय हिंद.