खुनी कोण?

पावसाळी रात्री, इशाची नमाज अदा करून आम्ही भावंडं पनवेलच्या घरात अम्मीसोबत ‘कुछ तो है’ पाहायला बसलो. २००३ चा हिंदी सिनेमा. कथा हॉलिवूडकडून उसनी, गाणी नको तिथे घुसलेली. पण खुनी ओळखताना आम्ही तीनदा तोंडघशी पडलो, आणि मजा त्यातच! ऋषी कपूरचा प्रोफेसर दिसला की अम्मी तसबीह घट्ट धरायची.

परीक्षेच्या पेपरासाठी मुलं त्याच्या घरात चोरून शिरतात, तिथे धाकटी एकदम गप्प झाली. सिनेमा संपल्यावर तिनं दप्तरातून प्रगतिपुस्तक काढलं. त्यावर अब्बांची सही तिनंच ठोकली होती.

“उद्या अब्बांना तूच सांग,” अम्मी एवढंच म्हणाली.

त्या रात्री धाकटी आमच्याच गादीवर झोपली. भीती खुन्याची की अब्बांची, विचारलं तर चादर डोक्यावरून ओढून घेतली.