झाडीपट्टीच्या वाटेवर : खिशातलं नाटक (लेखांक तिसरा)

१२ जानेवारी २००७, वरठी

भंडाऱ्याचं रेल्वे स्टेशन भंडाऱ्यात नाही, वरठीला आहे. नाव भंडारा रोड. गाडी उशिरा पोचली, पण प्रवास जड गेला नाही. शर्टाच्या खिशात 'पाम टीएक्स' होता. तळहाताएवढा संगणक, ४८० बाय ३२० ठिपक्यांचा पडदा, २ जीबीचं कार्ड. निघण्याआधीच्या दोन रात्री ते कार्ड भरण्यात गेल्या. चित्रपट आहे तसा टाकला तर चित्र अडखळतं. पडद्याच्या मापाचा करून सेकंदाला ६०० किलोबिटवर बसवला की तासाला २७० एमबी लागतात, आणि टीसीपीएमपी हा मोफत प्लेअर तो सुरळीत दाखवतो. असे दोन चित्रपट घेतले. उरलेली जागा आवाजासाठी ठेवली, कारण ज्याच्यासाठी निघालो ती फाईल आवाजाची आहे : मामांच्या गावातल्या नाटकाची १९८६ची कॅसेट, घरी बसून संगणकात उतरवलेली.

१३ जानेवारी, पवनी

एसटीत पडदा उन्हानं दिसेना. बरंच झालं. धान निघून गेलेल्या बांध्यांत लाखोरी हिरवी होती, बाजूला तणसाचे ढीग. दुपारी जगन्नाथ टेकडी पाहिली. १९६९-७०च्या उत्खननात इथं बौद्ध स्तूप सापडला. लॉजवर भारनियमन. वीज आल्यावर आधी चार्जर लावला, मग जेवलो.

१४ जानेवारी, मामांचं गाव

पटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्तानं आज रात्री नाटक आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टीत हाच हंगाम. मामा आता काम करत नाहीत, पण मंडप बघून आले.

ओसरीवर बसून एक इअरफोन त्यांच्या कानात दिला, एक माझ्या. मला वाटलं होतं, ते स्वतःचा आवाज शोधतील. त्यांचा प्रवेश येऊन गेला, ते काही बोलले नाहीत. आवाज मधेच लांब जात होता, पुन्हा जवळ येत होता. मी समजत होतो टेप खराब झाली. मामा म्हणाले, "टेप नाही गा. माईक वरून टांगले रायतेत. मानूस सरकला का आवाज सरकते." मग पदाआधी आर्गन सुरू झाला आणि त्यांनी माझा हात धरला.

"हा त्याचाच हात होय. थांब, बंद करू नोको."

रंगमंचासमोर बसून वाजवणारा त्यांचा तो मित्र आता नाही. तेवढाच तुकडा चार वेळा ऐकला. पडदा बंद ठेवला, म्हणजे बॅटरी पुरेल.

रात्री दहानंतर घंटा झाली, नाटक उजाडेपर्यंत चाललं. टीएक्सला मायक्रोफोन नाही. तो ऐकवतो, टिपत नाही. आजचा आर्गनवाला विशीतला असावा. त्याचं एक पद तरी सोबत न्यायला हवं होतं, याची रुखरुख मनातून जात नाही. पुढच्या हंगामात टेपरेकॉर्डर घेऊनच येईन.

१५ जानेवारी

जागरणानं डोळे चुरचुरत होते. मामा एसटीच्या थांब्यापर्यंत आले. खिशातला संगणक त्यांनी पुन्हा मागितला नाही. गाडी दिसल्यावर एवढंच म्हणाले, "ते कॅसेट पाठवजो. माह्यापाशी टेप आहे."