यशवंतीची उत्तरेकडची बहीण

मांगरच्या बणीत मार्चचे ऊन कातळात मुरेपर्यंत घोरपड बाहेर पडत नाही. आधी भेगेतून नुसते नाक दिसते. मग बराच वेळ काहीच नाही. मग जीभ येते, लांब आणि टोकाशी दुभंगलेली. हवा चाटून आत जाते, टाळूतल्या अवयवाकडे वास पोचवते आणि पुढच्या चौकशीला पुन्हा बाहेर येते. या चौकशीत आपण नापास झालो, तर तासभर रिकाम्या भेगेकडे बघत बसायचे. पास झालो तर बाई शेपटीसकट सगळी बाहेर येते, उन्हाला आडवी होते, बरगड्या फाकवून अंग चपटे करते आणि डोळे अर्धवट मिटते. दोन डोळे मिटले तरी तिसरा उघडाच असतो: डोक्याच्या मधोमध, एका खवल्याखाली. त्याला आकृती दिसत नाही, उजेड तेवढा कळतो.

साप-बेडूक बघणाऱ्यांचा खरा मोसम पावसाळा. वसंतात अरवलीतले बरेचसे बेडूक जमिनीखाली असतात. खाणीच्या जुन्या खड्ड्यात पाणी उरले असेल तर त्यावरून टणाटण उड्या मारत जाणारे छोटे बेडूक दिसतात, पण पिवळेधमक डराव बेडूक जुलैशिवाय तोंड दाखवत नाहीत. घोरपडीचे मात्र हेच दिवस. थंडीभर बिळात काढल्यावर तिला ऊन हवे असते आणि धौची झाडी अजून विरळ असल्यामुळे ते कातळापर्यंत पोचते. आपली नजरही पोचते, हा आपला फायदा.

बणी म्हणजे आपल्याकडची देवराई. फरीदाबाद म्हटले की ट्रॅक्टरचे कारखाने डोळ्यांपुढे येतात. पण गुडगावकडे जाणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, डोंगराच्या खोलगट कुशीत सुमारे ६७७ एकरांची ही झाडी टिकून आहे. मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गुजरांच्या गावांनी ती गुदडिया बाबाच्या धाकावर राखली. इथली फांदी तोडणाऱ्याकडे बाबा बघून घेतो. आसपासचे डोंगर खाणींनी पोखरले, ते सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये आणि मग २००९ मध्ये बंदी घातली तेव्हा कुठे थांबले. बणीला त्या कागदाची फारशी गरज पडली नाही.

मराठी माणूस घोरपड बघतो तेव्हा त्याच्या डोक्यात आधी सिंहगड येतो. १६७० चा फेब्रुवारी, तानाजी, दोर आणि यशवंती. इतिहासकार ही घोरपड मान्य करत नाहीत, तुळशीदास शाहिराच्या पोवाड्याने ती घराघरांत नेली. मुधोळच्या घोरपडे घराण्याच्या परंपरेत आणखी जुनी हकीकत आहे: बहामनी काळात खेळणा किल्ला, म्हणजे आजचा विशाळगड, घोरपडीच्या मदतीने चढला आणि आडनाव पडले. माझ्यासारखा माणूस हा सगळा गौरव बरोबर घेऊन मांगरला जातो आणि बकऱ्या राखणाऱ्या म्हाताऱ्याला मोठ्या उत्साहाने दोराची गोष्ट सांगतो. तो शांतपणे म्हणतो, "हां, हमारे यहां चोर बांधते थे." उत्तरेत हीच कथा घरफोड्यांची आहे. तोच दोर, तीच घोरपड, त्यांची गोह. फक्त वर चढणारा बदलला की वीरकथेची चोरकथा होते.

दोन्ही कथा ज्यावर उभ्या आहेत ते कसब मात्र खरे आहे. पाठलाग झाला की ती भेगेत शिरते, नख्या रोवते आणि छातीत हवा भरून फुगते. खडकात पाचर ठोकल्यासारखी बसते. शेपटी धरून ओढले तरी निघत नाही, आणि पालीसारखी शेपटी तोडून देऊन सुटका करून घेणे तिच्या जातीत नाही. पण हे सगळे स्वतःचा जीव वाचवण्यापुरते. पाच-सात किलोंचा प्राणी शस्त्रधारी मावळ्याचे वजन पेलेल, हे पोवाड्यातच शोभते.

फुगण्याचे हे भांडवल पळतानाही कामी येते. सरड्यांच्या बहुतेक जातींना धावता धावता नीट श्वास घेता येत नाही, कारण वळवळीत बरगड्यांचे स्नायू गुंतलेले असतात. घोरपडीच्या कुळाने गळ्याचा भाता केला आहे; गळा हलवून हवा फुप्फुसात ढकलायची आणि पळत राहायचे. म्हणूनच एरवी डुलत चालणारी ही बाई निघाली की झुडपांत दिसेनाशी होते.

तिचे खाणे साधे: शेणाखालचे किडे, विंचू, अंडी, उंदीर, मेलेले काहीही. तिच्याकडून आपण घेतो त्याची यादी बघता मला तीच सभ्य वाटते. सांधेदुखीवर तिची चरबी. गोव्यात पूर्वी घुमटावर तिचे कातडे. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला तो बकरीच्या कातड्यावर. आणि सगळ्यांत विचित्र ती हत्ताजोडी. हात जोडल्यासारखे दिसणारे हे मूळ तिजोरीत ठेवले की लक्ष्मी टिकते म्हणून विकतात. २०१७ मध्ये संशोधकांनी तपासले तर ते मूळ नव्हतेच. घोरपडीच्या नराचे वाळवलेले जननेंद्रिय होते. वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, वाघाच्या पंगतीला बसलेल्या प्राण्याची ही पूजा.

बाबाने घोरपडीबद्दल कधी काही सांगितल्याचे मी ऐकलेले नाही. त्याचा धाक झाडांसाठी. पण झाड राहिले की ढोली राहते, ढोलीत घरटी, घरट्यांत अंडी, आणि ही बाई कुणाचीही परवानगी न घेता सोबत सांभाळली जाते. २०१६ मध्ये हरियाणा सरकारने बणी आणि भोवतीचा ५०० मीटरचा पट्टा बांधकामाबाहेर ठेवायचे ठरवले. बाबाच्या खात्यात तोवर बरीच वर्षे जमा होती.

पावसात मादी जमीन उकरून वीसेक अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. पिल्ले पुढच्या वर्षी निघतात. ती अंगावर पट्टे आणि ठिपके घेऊन येतात, मोठ्यांपेक्षा किती तरी चपळ, आणि सरळ झाडावर चढतात. माणसाला मारील असे विष नसते, आईने काही शिकवलेले नसते. खाली माणसांनी मात्र नाव तयार ठेवलेले असते: बिसखोपडा. त्याने फुंकर मारली तरी माणूस जागीच मरतो, असे तोच बकऱ्यावाला सांगतो, आणि सांगताना हातातली काठी दुसऱ्या हातात घेतो.